देव्हाऱ्यातलं खरेदीखत

आमच्या घरात दर लक्ष्मीपूजनाला एका पुडक्याची पूजा व्हायची. लाल खणाच्या कापडात गुंडाळलेलं, वर सुतळीचे तीन वेढे. सासरे ते देव्हाऱ्यामागच्या फळीवरनं दोन्ही हातांनी काढायचे, पाटावर ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे, चिरमुरे-बत्ताशांचा नैवेद्य दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जागच्या जागी. पंचवीस वर्षं मी हे बघितलं आणि पंचवीस वर्षांत ते एकदाही कुणी उघडलं नाही. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, "मामा, काय आहे यात?" तर म्हणाले, "घराचा कागद हाय. लक्ष्मी हाय ती. हात लावायचा न्हाई." मी मुकाट्यानं हात जोडले. आता त्याचं हसू येतं आणि रागही येतो.

आमच्याकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. मामा फाउंड्रीत कामाला होते. आत्या मुरगूडच्या. कोल्हापूरच्या पेठेत आमचं जुनं घर आहे, दोन खोल्या आणि पुढं सोपा, म्हणजे ओसरी, डोक्यावर कौलं, मागं परड्याची मोकळी जागा, आणि एका बाजूला तालमीची उंच भिंत. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते. माझं तोंड चालू आणि डोकं तापट, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे. तरी येतात, कारण माझं फिटिंग चुकत नाही.

आत्यांचं आणि माझं वाजायचं. भांडण भाजीच्या फोडणीवरनं सुरू झालेलं असो नाहीतर नळाच्या पाण्यावरनं, ते एकाच वाक्यावर जाऊन थांबायचं. आत्या कमरेला पदर खोचून म्हणायच्या, "माझ्या घरात ऱ्हाऊन मलाच शानपन शिकवतीस व्हय?" आणि मी मनात हसायचे. कारण दारावर मामांच्या नावाची पाटी. लाइट बिल मामांच्या नावावर, पाण्याचं बिल मामांच्या नावावर, घरफाळ्याची, म्हणजे घरपट्टीची, पावती मामांच्या नावावर. म्हातारीला आपली बोलायची सवय, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मामा गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर एका रविवारी कागलहून भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, साखर कारखान्यात नोकरीला आहेत. ते आणि माझा नवरा सोप्यात बसले आणि तासाभरात सगळं ठरवून मोकळे झाले. घर पाडायचं. दोन मजली बांधायचं. खालचा मजला आमचा, वरचा भाऊजींचा. आणि आत्या सहा महिने इकडं, सहा महिने कागलला. सुरुवात कागलपासून, कारण बांधकामाची धूळ त्यांना सोसणार नाही. मी चहा देत ऐकत होते. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांपुढं नव्या स्वयंपाकघराचा ओटा दिसत होता. काळ्या ग्रॅनाइटचा, खिडकीखाली.

आत्या परड्यात लसूण सोलत होत्या. त्यांच्या कानावर गेलं असणार. सूप हातात घेऊनच दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मला इचारलं का कुणी?"

भाऊजी हसले. "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"घर माझं हाय."

सगळे हसलो. मीही हसले. आत्यांनी आमच्या तोंडांकडं एकेक करून बघितलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सकाळी मी केर काढायला गेले तर त्यांच्या कॉटखाली कापडी पिशवी भरून ठेवलेली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, मामांचा चष्मा. कुणी जा म्हणण्याआधीच बाई निघायच्या तयारीला लागल्या होत्या. मी ती होती तशी परत सारली. पण ओटा काही डोळ्यांपुढनं हलेना.

इंजिनिअरनं बांधकाम परवान्यासाठी कागद मागितले. नवरा म्हणाला रजा मिळत नाही. मी म्हटलं, "मी जातो की, त्यात काय एवढं?" कोल्हापूरची बाई 'जाते' म्हणत बसत नाही, जातो म्हणते आणि निघते. सगळी बिलं, पावत्या, मामांचा मृत्यूचा दाखला, सगळं एका पिशवीत घातलं आणि सिटी सर्व्हे ऑफिस गाठलं. म्हटलं, मामांचं नाव काढून दोघा भावांचं लावायचं, अर्ध्या तासाचं काम आहे.

खिडकीपलीकडं माझ्याच वयाची एक बाई होती. तिनं माझा गठ्ठा बघितला, एकेक पावती उलटली आणि बाजूला ठेवली.

"ह्यात मालकीचा कागद कुठला?"

"हा काय, घरफाळा. चाळीस वर्षं भरतोय आम्ही. एकदा चुकला नाही."

"ताई, घरफाळा भरणारा म्हणजे मालक न्हवं. भाडेकरूसुद्धा भरू शकतो. पावतीवर एवढंच कळतं की कुणीतरी भरला. लाइट बिलाचंही तसंच."

मला राग आला. चाळीस वर्षं रांगेत उभं राहून भरलेल्या पावत्या, आणि ही बाई असं बोलते. मी आवाज चढवला. ती काही चढली नाही. मला घराचा नंबर विचारला, कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं आणि पडदा माझ्याकडं वळवला.

"हे तुमच्या घराचं प्रॉपर्टी कार्ड. मिळकत पत्रिका. इथं बघा, धारक."

धारकाच्या रकान्यात एका माणसाचं नाव होतं. मी ते जन्मात ऐकलं नव्हतं. आमचं आडनावसुद्धा नव्हतं. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. मी खिडकीची कड धरली. ज्या घरात मी माप ओलांडून आत आले, दोन पोरं वाढवली, ते सरकारच्या पुस्तकात दुसऱ्याच कुणाचंतरी.

त्या बाईनं मला आत बोलावून खुर्ची दिली. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिनं मला एवढ्या सोप्या भाषेत समजावलं की शाळेत मास्तरांनी कधी समजावलं नव्हतं. घर कुणाकडनं कुणाकडं गेलं, ते ज्या कागदानं गेलं तो कागद म्हणजे खरेदीखत. ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेलं असलं की व्यवहार पक्का. पण तेवढ्यावर भागत नाही. ते खरेदीखत घेऊन सिटी सर्व्हेत अर्ज द्यायचा, मग इथल्या कार्डावरनं विकणाऱ्याचं नाव जातं आणि घेणाऱ्याचं येतं. त्याला फेरफार म्हणायचं. तुमच्या घरात बहुतेक पहिली पायरी झालीय आणि दुसरी राहिलीय.

"खरेदीखत कुठाय तुमचं?"

"देव्हाऱ्यात."

"वाचलंय कुणी?"

मी खाली बघितलं. ती म्हणाली, "ताई, पूजा करा, नको म्हणत नाही. पण आधी वाचा."

घरी आले ती तडक देव्हाऱ्याकडं. आत्या आडव्या आल्या. "हात लावू नगंस. त्येंनी सांगिटलंय." मी म्हटलं, "आत्या, आपलं नावच नाही घरावर. दुसऱ्याच माणसाचं आहे." आत्यांनी त्या माणसाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्या जराही दचकल्या नाहीत. "व्हय, त्येच्याकडनंच घेतलंय की," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

नवरा कामावरनं आला तेव्हा मी पाटावर पुडकं घेऊन बसले होते. सुतळीची गाठ निघेना, कात्रीनं कापली. खणाच्या कापडात हळदीकुंकवाचा थर. आत जाड कागद, तेलाचे डाग पडलेले, वरच्या पानाला वाळलेलं झेंडूचं फूल चिकटलेलं. मी ते हळूच सोडवलं.  आता कळणार, हे एवढंच डोक्यात होतं.

मी मोठ्यानं वाचायला लागले. जुनी भाषा, एकेक वाक्य पानभर. पण घराच्या चारी दिशा आल्या आणि मला चेव आला. पूर्वेस रस्ता. मी रस्त्याकडं हात केला. पश्चिमेस बोळ. नवऱ्यानं मान वळवून परड्यापलीकडं बघितलं. दक्षिणेस शेजाऱ्याचं घर, उत्तरेस तालमीची भिंत. अहो, आमचंच घर. आम्ही बसलो होतो तेच, कागदावर चारी बाजूंनी बांधून ठेवलेलं. मी एवढी वर्षं लोकांची मापं घेते, पण आपल्या घराचं माप असं लिहिलेलं पहिल्यांदाच बघत होते.

मग घाईत ओलांडलेल्या पहिल्या पानावर मागं आले. लिहून देणार, म्हणजे विकणारा. कार्डावरचाच तो माणूस. आणि लिहून घेणार, म्हणजे विकत घेणारा. तिथं मी थांबले. नवरा म्हणाला, "वाच की."  मी कागद त्याच्या हातात दिला.

तिथं आत्यांचं नाव होतं. जुन्या पद्धतीनं, आधी त्यांचं नाव, मग भ्रतार, मग मामांचं नाव. भ्रतार म्हणजे नवरा. मामा त्या कागदात नवरा म्हणून होते, मालक म्हणून नव्हते. शेवटच्या पानावर शिक्के, आणि शिक्क्यांखाली निळसर शाईचा एक अंगठा. त्यापुढं पुन्हा आत्यांचं नाव.

आत्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुढ्यात सुपात लसूण.

"आत्या," मी म्हटलं, "घर तुमचं आहे हो."

"मग मी काय सांगत हुतो इतकी वर्सं?" आत्या म्हणाल्या, आणि लसणाची पाकळी सोलायला लागल्या.

पुढं त्यांनी जे सांगितलं, घराचे पैसे कुठनं आले ते, माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. लग्नात मुरगूडच्या बापानं त्यांना दोन म्हशी दिल्या होत्या. तेव्हा हे भाड्याचं घर. परड्यात म्हशी बांधायच्या, दोन्ही वेळा आत्या धार काढायच्या आणि दुधाच्या कट्ट्यावर नेऊन विकायच्या. मालकानं घर विकायला काढलं तेव्हा त्यांनी दोन्ही म्हशी आणि त्यांची रेडकं विकली. "त्या दिवशी दावं मोकळं बघून लई रडलो," असं त्या म्हणाल्या. मामांनी खरेदीखत आत्यांच्या नावावर केलं. "तुझ्या म्हशीचं घर हाय, तुझ्याच नावावर घालतो," म्हणाले. पण एक अट घातली. बाहेर कुणाला सांगायचं नाही. मामा तालमीत उठबस करणारे, आणि बायकोच्या नावावर घर म्हटलं की तालमीतल्या मंडळींनी त्यांना जगू दिलं नसतं.

आणि मग चूक झाली. तालमीतल्याच एका जाणत्या माणसानं मामांना सांगितलं, घराचा कागद लक्ष्मी असते, चार लोकांच्या हातात द्यायचा नाही, दृष्ट लागते, देवापाशी ठेवायचा. मामांना हे पटलं, सोयीचंही होतं. कागद दाखवला असता तर नाव दिसलं असतं. म्हणून ते सिटी सर्व्हेकडं फिरकलेच नाहीत. घरफाळ्याचा अर्ज मात्र स्वतः भरला आणि स्वतःचं नाव घातलं. पाटीही तीच. एका माणसाच्या लाजेपायी एका बाईचं घर चाळीस वर्षं खणात गुंडाळून पडलं. मला मामांचा एवढा राग आला की फोटोला पाठ करून बसले. मग वाटलं, पण नावावर केलं तरी. त्या काळात कितीजणांनी केलं असेल?

नवऱ्यानं कागद पुन्हा पहिल्यापासून चाळला. शेवटी म्हणाला, "आई, तू स्पष्ट का सांगितलं नाहीस?"

"रोज सांगत हुतो. तुमी हसत हुता."

नवरा उठून परड्यात गेला. मीही त्याच्याकडं बघितलं नाही आणि आत्यांकडंही नाही.

भाऊजींना फोन केला तर त्यांचा विश्वास बसेना. दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर आले, चष्मा लावून सगळी पानं वाचली, उजेडाकडं धरून शिक्के तपासले.  इंजिनिअरनं काढलेला नव्या घराचा नकाशा त्यांनी घडी करून खिशात घातला. आत्या म्हणाल्या, "आदी माजं नाव लागू द्या. मग बोलू." पिशवी अजून कॉटखालीच होती. त्यांनी ती रिकामी केली नव्हती, आणि मला विचारायचं धाडस होत नव्हतं.

मी आत्यांना रिक्षात घालून सिटी सर्व्हेत नेलं. खिडकीतल्या बाईनं खरेदीखत वाचलं आणि हसली. "सासूबाई मालक आहेत म्हणा की." अर्ज भरला, खरेदीखताची नक्कल जोडली, आत्यांनी अंगठा दिला. बाई म्हणाली, आता नोटीस निघेल. कार्डावर ज्याचं नाव आहे त्याच्या वारसांना. पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर नोंद होईल.

"आणि आली तर?"

"तर सुनावणी. खरेदीखत नोंदवलेलं आहे, घाबरू नका. पण वेळ जाईल."

वेळच तर नव्हता. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईला सुनावणीच्या तारखा दाखवत कुठं फिरवणार? ते पंधरा दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. दोन ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या. दारात कुणी आलं की मशीन थांबवून बाहेर डोकवायचे. आत्या मात्र निवांत लसूण सोलायच्या.

दहाव्या दिवशी दुपारी दारात एक गृहस्थ उभे राहिले. साठीचे, पांढरा सदरा, हातात नोटिशीचा कागद. मी मशीनवरनं उठलेच नाही. आत्या सोप्यात होत्या. म्हणाल्या, "या पावणं. कुठलं म्हणायचं?"

"कुरुंदवाडचा. ह्या घराचा मूळ मालक माझा बाप."

आत्यांनी त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि मला चहा टाकायला सांगितलं. कुरुंदवाड माझं माहेर. एरवी मी गल्लीसकट चौकशी केली असती, पण त्या दिवशी सरळ आत गेले. चहा ठेवला तर दुधासकट उतू गेला. बाहेर पाहुणे सांगत होते, "खरं सांगतो, मावशी, हरकत घालायलाच आलोय. चार माणसं म्हणाली, नाव अजून तुझ्या बापाचं आहे, सोडू नको. आता पेठेतल्या जागेला काय भाव आहे तुम्हाला माहीत आहे."

मी कपबशी घेऊन बाहेर आले ती भांडायच्या तयारीनंच. पण आत्यांनी हातानं मला थांबवलं.

"घाल की हरकत," त्या म्हणाल्या. "तुजा हक्क हाय तर घाल. पर आदी कागद बघ." आणि मला म्हणाल्या, "आण गं ते."

मी खरेदीखत आणलं. पाहुण्यांनी चष्मा चढवला. पहिलं पान वाचलं, मान हलवली. दुसरं वाचलं. शेवटच्या पानावर ते थांबले. वडलांची सही होती, तिच्यावर त्यांनी बोट फिरवलं. त्याखाली साक्षीदारांच्या दोन सह्या. दुसऱ्या सहीजवळ त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेला.

"ही तर माझी सही आहे."

मी वाकून बघितलं. नाव, वय वर्षे एकोणीस, आणि पुढं मोठ्या गोल अक्षरांत ऐटीत मारलेली सही, खाली दोन रेघा आणि दोन टिंबं. पाहुणे हसायला लागले. "काय सही करायचो हो मी. विसरूनच गेलतो. बापानं धरून आणलेलं मला, तिकडं कचेरीत. सही करून आल्यावर इथं परड्यात जेवलो."

"म्हशीला भिऊन चुलीम्होरं बसला हुतास," आत्या म्हणाल्या. "पंगत बाहीर, आन् हा आत."

"ती शिंगाडी म्हैस?"

"शिंगाडी न्हवं. वळवलेल्या शिंगांची. पैसं आदीच दिल्यालं, दुसऱ्याच दिवशी घेणारा आला न् घेऊन गेला."

दोघं त्या म्हशीबद्दल बोलत बसले. मी कपबशी हातात घेऊन तशीच उभी. शेवटी पाहुणे म्हणाले, "माझ्याच सहीवर मी काय हरकत घालू, मावशी? द्या, कुठं सही करायची?" ते माझ्याबरोबर रिक्षातनं ऑफिसात आले, हरकत नाही म्हणून लिहून दिलं आणि सही मारली. आता खाली रेघा नव्हत्या, नुसती सही. जाताना मी त्यांना माहेरची गल्ली सांगितली, तर माझ्या चुलत्यांना ओळखणारे निघाले. मला एवढा आनंद झाला होता की त्यांना ब्लाउज शिवून द्यायचं बोलून बसले, म्हणजे त्यांच्या बायकोचा. अजून मापाचा आला नाही.

मुदत संपली, नोंद मंजूर झाली आणि कार्ड आलं. मी दोन नकला काढल्या, एक प्लॅस्टिकच्या फायलीत घातली. रिक्षा मिळेपर्यंतसुद्धा धीर नव्हता, चालतच सुटले. रविवार काढून भाऊजींना बोलावलं. आत्यांना सोप्यात मधोमध खुर्चीवर बसवलं. त्या कधी खुर्चीवर बसत नाहीत, पण बसल्या. मी कार्ड वाचून दाखवलं. नंबर, क्षेत्र, जुन्या धारकाचं नाव कंसात, आणि खाली नवं. त्यांचं नाव, मग मामांचं नाव, मग आडनाव.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मधी ते हायत?"

"हो, आत्या. तुमच्या नावाच्या मध्ये."

आत्यांनी कार्ड हातात घेतलं. वाचता येत नाही, तरी धरून बसल्या. मी म्हटलं, "दारावरची पाटी बदलू या का? तुमच्या नावाची करू."

"ऱ्हाऊ दे. बाहीर त्येंचं ऱ्हाऊ दे. तालीम बघती." मग जरा थांबून म्हणाल्या, "घरफाळ्यावर मात्र माजं घाल."

भाऊजी घसा खाकरून बसले होते. आता बोलायची त्यांची पाळी होती आणि त्यांना ते जड जात होतं. माझा नवराही जमिनीकडं बघत होता. ऑफिसातली बाई मला स्पष्ट बोलली होती, मालक हयात आहे तोवर पोरांचा हिस्सा-बिस्सा काही नाही. बांधकाम करायचं तर अर्जावर मालकाचाच अंगठा. मी ते आदल्या दिवशी दोघांना फोड करून सांगितलं होतं, आवाज चढवून सांगितलं होतं. माझ्या ओट्याचं काय होणार हे मलाही माहीत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या घटकेला त्याचं काही वाटतही नव्हतं.

भाऊजींनी खिशातनं घडी केलेला नकाशा काढला. उलगडून आत्यांच्या पुढ्यात फरशीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर ठेवायला मी कपबश्या दिल्या. मग भाऊजी आईच्या पायाशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आई, बांधायचं का?"

आत्यांनी कार्ड मांडीवर ठेवलं.

"आणि बांधायचं तर तू कुठं ऱ्हाणार?" नवऱ्यानं विचारलं. "कागलला न्हाई जायचं तर समोरच्या गल्लीत खोली बघू. सगळेच जाऊ. तुझी खोली खाली काढू, रस्त्याकडं. जिना कुठनं काढायचा, तेबी तूच सांग."

मला वाटलं आता आत्या ऐकवणार. त्यांनी ऐकवलं असतं तरी आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण त्यांनी नुसतं नकाशाकडं बघितलं. मग मान वर करून कौलांकडं, मग परड्याकडं, जिथं एकेकाळी दोन दावी होती. मी चहा आणून ठेवला, तो निवला. भाऊजींनी एकदा घड्याळ बघितलं, तर आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यांनी हात खाली घेतला. दोन कर्ते मुलगे आणि मी, तिघंही त्या एका बाईच्या तोंडाकडं बघत बसलो होतो.

"दम धरा," आत्या म्हणाल्या. "इचार करू द्या मला."

मी आत जाऊन कॉटखालची पिशवी ओढली आणि लुगडी पुन्हा कपाटात लावली.